व्हिएतनामचा टुरिस्ट ई-व्हिसा स्वतः कसा काढायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईहून हनोई आणि हो चि मिन्ह सिटीला थेट विमानं सुरू झाल्यापासून दिवाळी आणि मे महिन्याच्या सुट्टीत व्हिएतनामला जाणारी मराठी कुटुंबं खूप वाढली आहेत. तिकीट काढून होतं, हॉटेलं ठरतात आणि मग व्हिसापाशी गाडी अडते. ‘आपल्याला जमेल का, की एजंटला देऊन टाकू?’ माझं मत पक्कं आहे: ज्याला स्वतःचा पासपोर्ट नीट वाचता येतो, त्याला हा अर्ज भरता येतो. कार्यालयात जायचं नाही, मुलाखत नाही, बोटांचे ठसे नाहीत. फक्त घाई करायची नाही आणि प्रत्येक अक्षर पासपोर्ट समोर ठेवूनच लिहायचं. पुढचे प्रश्न असा अर्ज भरायला बसलेले लोक खरोखर विचारतात तेच आहेत.

भारतीय पासपोर्टवर व्हिएतनामला व्हिसा लागतोच का?

हो, आणि तो निघण्याआधीच काढावा लागतो. अपवाद फू क्वोक बेटाचा. परदेशातून थेट या बेटावर उतरून, तिथेच राहून, तिथूनच परत जायचं असेल तर ३० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. पण बेटावरून हनोई, दा नांग किंवा हो चि मिन्ह सिटीला जायचा बेत असेल तर व्हिसा हवाच.

‘विमानतळावर उतरल्यावर मिळतो म्हणे’ हे अर्धवट खरं आहे. त्यासाठी तिथल्या इमिग्रेशन खात्याचं मंजुरीपत्र आधीच हातात असावं लागतं. ते नसेल तर मुंबईतच विमान कंपनीचा काउंटर तुम्हाला थांबवतो. पर्यटकाने या वाटेला जाऊच नये.

ई-व्हिसा म्हणजे हातात नक्की काय येतं?

एक पीडीएफ. पासपोर्टवर कुठलाही स्टिकर लागत नाही. तुमचा फोटो, नाव, पासपोर्ट क्रमांक, व्हिसा कधीपासून कधीपर्यंत चालेल आणि किती वेळा आत जाता येईल, एवढं त्यावर असतं. १५ ऑगस्ट २०२३ पासून व्हिएतनामने ही सोय सर्व देशांच्या नागरिकांना खुली केली आणि मुदत ३० दिवसांवरून ९० दिवसांपर्यंत नेली. जुन्या लेखांत अजून ३० दिवसच लिहिलेलं सापडतं, तिकडे लक्ष देऊ नका.

खरं सरकारी संकेतस्थळ कोणतं?

ईव्हिसा डॉट गव्ह डॉट व्हीएन. याच सेवेचा दुसरा, व्हिएतनामी नावाचा पत्ताही आहे, पण त्याचाही शेवट ‘गव्ह डॉट व्हीएन’ असाच होतो. हा शेवट पाहिल्याशिवाय पासपोर्टचा फोटो कुठेही चढवू नका.

हे एवढं ठासून सांगण्याचं कारण आहे. गुगलवर ‘व्हिएतनाम व्हिसा’ शोधलं की वरच्या काही ओळी जाहिरातींच्या असतात. नावात ‘व्हिएतनाम’, ‘ईव्हिसा’, ‘इमिग्रेशन’ असे शब्द, तांबड्या-पिवळ्या रंगाची सजावट, पाहणाऱ्याला सरकारीच वाटावं असा थाट. प्रत्यक्षात त्या खासगी सेवा असतात आणि सरकारी शुल्काच्या दुप्पट-तिप्पट रक्कम घेतात. काही व्हिसा खरंच काढून देतात, काहींचा पत्ताही लागत नाही. सरकारी संकेतस्थळ दिसायला साधं आहे आणि कधी कधी संथही चालतं. उघडलं नाही तर तासाभराने किंवा रात्री उशिरा बघा, पण म्हणून जाहिरातीतल्या दुव्यावर जाऊ नका.

एकूण खर्च किती?

एकदाच प्रवेश असलेल्या व्हिसाचं शुल्क २५ अमेरिकन डॉलर, अनेकदा प्रवेशाचं ५० डॉलर. त्यावर पैसे भरताना थोडं व्यवहारशुल्क लागतं. तुमची बँकही परकीय चलनाचा अधिभार आणि त्या अधिभारावर १८ टक्के जीएसटी लावते. अर्ज नामंजूर झाला तरी शुल्क परत मिळत नाही. लहान मुलांनाही तेवढंच शुल्क आहे.

एकदा प्रवेशाचा घ्यावा की अनेकदा प्रवेशाचा?

फक्त व्हिएतनाम फिरणार असाल तर २५ डॉलरवाला पुरतो. हनोई, हा लाँग बे, दा नांग, हो चि मिन्ह सिटी अशी कितीही शहरं बदला, देशाबाहेर पाऊल पडत नाही तोवर तो एकच प्रवेश.

फसगत होते ती कंबोडिया जोडणाऱ्यांची. आपल्याकडचे लोक अंगकोर वाट पाहायचं म्हणून हनोईहून सिएम रीपला जातात आणि तिथून हो चि मिन्ह सिटीला येऊन मुंबईचं विमान पकडतात. म्हणजे व्हिएतनाममध्ये दोनदा शिरणं आलं. एकदा प्रवेशाचा व्हिसा सिएम रीपला जाताना संपतो, त्यावर ९० दिवसांची मुदत शिल्लक असली तरीही. असा बेत असेल तर सरळ ५० डॉलरचा घ्या. किंवा आधी व्हिएतनाम पुरतं उरकून शेवटी कंबोडियाला जा आणि तिथूनच भारतात परता. कंबोडियाचा व्हिसा अर्थातच वेगळा काढावा लागतो.

अर्ज किती दिवस आधी करावा?

निघण्याच्या तीन-चार आठवडे आधी. नियमाप्रमाणे निकाल तीन कामकाजी दिवसांत लागायचा असतो, पण गर्दीच्या दिवसांत आठवडाभर जाऊ शकतो. शनिवार-रविवार यात धरायचे नाहीत.

त्यांच्या सुट्ट्याही ध्यानात ठेवायला हव्यात. चांद्र नववर्षाचा सण, टेट, जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत कधीही येतो आणि त्या काळात सरकारी कामकाज आठवडाभर थंडावतं. २ सप्टेंबर हा त्यांचा राष्ट्रीय दिन. आपल्यासाठी सगळ्यात अडचणीची जोडी म्हणजे ३० एप्रिल आणि १ मे. आपल्याकडे परीक्षा संपून लोक निघायच्या तयारीत असतात, १ मे ही आपल्याकडेही महाराष्ट्र दिनाची सुट्टी असते आणि नेमकी तेव्हाच तिकडची कार्यालयं बंद. मेच्या पहिल्या आठवड्यात निघायचं असेल तर गुढीपाडव्यानंतर लगेच अर्ज टाकून मोकळे व्हा.

पासपोर्ट कसा हवा?

व्हिएतनाममध्ये उतरण्याच्या दिवशी त्याची मुदत किमान सहा महिने शिल्लक असावी आणि दोन पानं तरी कोरी असावीत. माहितीच्या पानाला पाणी लागलं असेल, कोपरा फाटला असेल, फोटोवरचं आवरण सुटलं असेल तर आधी पासपोर्ट बदलून घ्या, मग अर्ज करा. व्हिसा त्या एका पासपोर्ट क्रमांकाला बांधलेला असतो. नवा पासपोर्ट आला की जुन्यावरचा ई-व्हिसा उपयोगाचा राहत नाही.

फोटो आणि पासपोर्टची प्रत कशी लागते?

दोन फाइली चढवायच्या असतात. एक तुमचा फोटो: ४ गुणिले ६ सेंटिमीटरच्या प्रमाणात, पांढरी पार्श्वभूमी, चेहरा समोर, चष्मा काढून. आपले फोटो स्टुडिओ पासपोर्टसाठीचा फोटो वेगळ्या मापात काढतात, म्हणून ‘व्हिएतनामच्या व्हिसासाठी, ४ बाय ६’ असं आधीच सांगा आणि सॉफ्ट कॉपी मागून घ्या.

दुसरी फाइल पासपोर्टच्या माहितीच्या पानाची. इथे लोक गडबड करतात. पानावरच्या चकचकीत आवरणावर ट्यूबलाइटचा पट्टा उमटतो आणि नेमकी जन्मतारीख किंवा क्रमांक पुसल्यासारखा होतो. दिवसा खिडकीजवळ, फ्लॅश बंद ठेवून, पासपोर्ट सपाट करून फोटो घ्या. चारही कोपरे आणि तळाच्या दोन लांब ओळी पूर्ण दिसायला हव्यात. बोट मध्ये येऊ देऊ नका. व्हॉट्सअॅपवरून फिरलेली प्रत वापरू नका, ती अस्पष्ट होते.

नाव कसं भरायचं? माझं नाव, वडिलांचं नाव, आडनाव की आडनाव आधी?

सगळ्या अर्जात सर्वाधिक काळजी इथेच घ्या. आपण रोज ‘प्रमिला दत्तात्रय जोशी’ लिहितो, शाळेच्या दाखल्यावर ‘जोशी प्रमिला दत्तात्रय’ असतं, आधारवर आणखी तिसरंच. व्हिसासाठी यातलं काहीही प्रमाण नाही. प्रमाण फक्त पासपोर्ट.

पासपोर्टच्या तळाशी असलेल्या दोन ओळी बघा. पहिली ओळ ‘पी’ या अक्षराने सुरू होते, मग भारतासाठीची तीन अक्षरं, त्यांना चिकटूनच आडनाव. आडनाव संपलं की कोनासारखी दोन चिन्हं येतात. त्यानंतरचं सगळं म्हणजे तुमचं नाव, मग एक चिन्ह, मग वडिलांचं किंवा पतीचं नाव. दोन चिन्हांच्या अलीकडे जे असेल ते अर्जातल्या आडनावाच्या रकान्यात, पलीकडे जे असेल ते सगळं नावाच्या रकान्यात. मधलं नाव गाळायचं नाही. विमानतळावरचं यंत्र हीच ओळ वाचतं, त्यामुळे तिच्याशी जुळलेलं नाव कुठेच अडत नाही.

स्पेलिंगही तिथूनच उचला. ‘दत्तात्रय’ इंग्रजीत चार तऱ्हांनी लिहिता येतं. ‘चौधरी’, ‘वाघ’, ‘क्षीरसागर’ यांचंही तसंच. आपल्याला कुठलं बरोबर वाटतं याला इथे महत्त्व नाही, पासपोर्टवर चूक छापली गेली असेल तर अर्जातही तीच चूक उतरवायची. विमानाचं तिकीटही त्याच स्पेलिंगने हवं.

लग्नानंतर नाव बदललं, पण पासपोर्ट माहेरच्या नावाचा आहे. चालेल?

चालेल. तिकीट, व्हिसा, हॉटेल, सगळं माहेरच्याच नावाने करा. नवविवाहित जोडप्यांनी तर हनिमूनच्या आधी पासपोर्ट बदलायच्या फंदात पडूच नये, परत आल्यावर निवांत बदलावा.

पासपोर्ट क्रमांकात तो शून्य आहे की ‘ओ’?

शून्य. भारतीय पासपोर्टच्या क्रमांकात सुरुवातीला एक अक्षर आणि पुढे सात अंक असतात. पहिल्या जागेनंतर ‘ओ’ किंवा ‘आय’ येतच नाही, जे दिसतं ते ० किंवा १ असतं. तारखा आपल्यासारख्याच, आधी दिवस, मग महिना, मग वर्ष. फोनवर तारीख निवडताना वर्ष सरकतं, ते पुन्हा एकदा बघून घ्या.

धर्म, व्यवसाय, ओळखपत्र क्रमांक, खर्चाचा अंदाज… हे सगळं भरायलाच हवं?

तारांकन असलेले रकाने भरावेच लागतात. धर्माच्या रकान्यात सरळ आपला धर्म लिहा, त्यात खोच नाही. व्यवसायात गृहिणी किंवा निवृत्त असं लिहायला संकोच वाटायचं कारण नाही. ओळखपत्राचा रकाना सक्तीचा नसेल तर तिथे आधार क्रमांक टाकू नका, नको तिथे आधार देत सुटण्याची सवय वाईटच. आणीबाणीत संपर्कासाठी घरी मागे राहणाऱ्या व्यक्तीचा नंबर द्या. नवऱ्याने बायकोचा आणि बायकोने नवऱ्याचा दिला आणि दोघंही एकाच बसमध्ये असले, तर त्याचा उपयोग काय?

व्हिएतनाममधला पत्ता काय लिहू? आम्ही पाच हॉटेलांत राहणार आहोत.

पहिल्या रात्रीच्या हॉटेलचा. पत्ता बुकिंगच्या कागदावरून घ्या, पण प्रांत निवडताना एक गोष्ट लक्षात ठेवा. १ जुलै २०२५ पासून व्हिएतनामने आपले ६३ प्रांत एकत्र करून ३४ केले आणि जिल्ह्याचा स्तर काढून टाकला. बुकिंगच्या संकेतस्थळांवर मात्र बऱ्याच ठिकाणी जुनेच पत्ते आहेत. होई आन तुम्हाला क्वांग नाममध्ये दाखवतील, पण आता ते दा नांग शहरात येतं. फू क्वोक पूर्वी किएन जियांग प्रांतात होतं, आता आन जियांगमध्ये. यादीत जुनं नाव सापडत नाही म्हणून लोक गोंधळून भलताच प्रांत निवडतात. त्या जागेचं नाव आणि ‘नवा प्रांत’ असं शोधलं की दोन मिनिटांत उत्तर मिळतं, नाहीतर हॉटेललाच ईमेल करून विचारा.

प्रवेशाचं ठिकाण कोणतं निवडू?

पासपोर्टवर पहिला शिक्का जिथे बसणार ते. मुंबईहून हनोईला उतरून पुढे लगेच दा नांगचं विमान पकडणार असाल तरी प्रवेश हनोईतच होतो, म्हणून नोई बाय विमानतळ. हो चि मिन्ह सिटीसाठी तान सोन न्हात, न्हा त्रांगसाठी काम रान. यादीत शहराचं नव्हे, विमानतळाचं नाव शोधावं लागतं. कंबोडियातून रस्त्याने येणार असाल तर त्या सीमानाक्याचं नाव यादीत आहे का, हे बस बुक करण्याआधी बघा. ई-व्हिसा प्रत्येक नाक्यावर चालत नाही.

पैसे भरताना कार्ड नाकारलं जातंय. काय करू?

बहुतेकदा दोष कार्डाच्या सेटिंगचा असतो. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानुसार नवं कार्ड परदेशी व्यवहारांसाठी बंद स्थितीतच येतं. बँकेच्या अॅपमध्ये जाऊन ‘आंतरराष्ट्रीय’ आणि ‘ऑनलाइन’ ही दोन्ही बटणं चालू करा, मर्यादा थोडी वाढवा, काम झालं की बंद करा. व्हिसा किंवा मास्टरकार्डचं कार्ड वापरा. यूपीआयच्या भरवशावर राहू नका. पैसे कापले गेले पण पानावर काहीच आलं नाही, तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. आधी अर्जाची स्थिती तपासा.

पैसे भरले. आता?

नोंदणी क्रमांकाचा स्क्रीनशॉट काढा, तो वहीतही लिहून ठेवा. हा क्रमांक, अर्जात दिलेला ईमेल आणि जन्मतारीख या तीन गोष्टींवर निकाल संकेतस्थळावरच बघता येतो. ईमेल येईल म्हणून वाट बघत बसू नका, तिसऱ्या-चौथ्या कामकाजी दिवसापासून स्वतः जाऊन बघा. फोटो किंवा पासपोर्टची प्रत त्यांना पटली नाही तर तिथेच दुरुस्ती मागितलेली दिसते. ती वेळेत केली नाही तर अर्ज तसाच पडून राहतो, आणि लोक म्हणतात ‘व्हिसा अडकला’.

व्हिसा आला, पण त्यात चूक आहे.

आधी चूक कुठली ते बघा. पीडीएफ उघडल्या उघडल्या पासपोर्ट शेजारी ठेवून पाच गोष्टी वाचा: नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक, व्हिसाच्या दोन तारखा, प्रवेशांची संख्या. यातल्या कशातही एका अक्षराचा फरक असेल तर नवा अर्ज करा आणि पुन्हा शुल्क भरा. ‘चालून जाईल’ म्हणणारे भेटतील, पण चेक-इनच्या काउंटरवर तुमच्या बाजूने उभं राहायला त्यातलं कोणी नसतं. २५ डॉलर जातात, पण हजारोंची तिकिटं वाचतात. तीन-चार आठवडे आधी अर्ज करायचा तो यासाठीही.

तारखांबद्दल एक सूचना: व्हिसा ज्या दिवशी सुरू होतो त्याच्या आधी आत शिरता येत नाही. मुंबईहून रात्रीचं विमान असेल तर उतरायची तारीख तिकिटावर नीट बघा आणि व्हिसा एक-दोन दिवस आधीपासूनचा मागा. शेवटच्या तारखेलाही चार दिवस सैल सोडा. विमान रद्द झालं किंवा वादळ आलं तर धावपळ होत नाही.

दीड वर्षाच्या बाळालाही वेगळा व्हिसा?

हो. बाळाचा पासपोर्ट वेगळा, तर व्हिसाही वेगळा. फोटोसाठी बाळाला पांढऱ्या चादरीवर झोपवून वरून काढा, डोळे उघडे असावेत, कोणाचा हात चौकटीत दिसू नये. लहान मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांतच संपतो. आईवडिलांचे दहा वर्षांचे पासपोर्ट बघून निर्धास्त राहिलेल्या घरांत हे हमखास निसटतं.

आईच्या पासपोर्टवर ईसीआर लिहिलंय. अडवतील का?

नाही. ईसीआर म्हणजे ‘एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड’, देश सोडण्याआधी सरकारी मंजुरी लागेल असा शेरा. ती अट ठरावीक देशांत नोकरीसाठी जाणाऱ्यांकरता आहे, पर्यटनासाठी नाही. शिवाय त्या देशांच्या यादीत व्हिएतनाम नाही. दहावीचा दाखला नसलेल्या कितीतरी आया-मावश्यांच्या पासपोर्टवर हा शेरा असतो आणि त्या उगाच धास्तावतात. त्यांना निश्चिंत करा. परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग त्यांच्या हातातल्या फोल्डरमध्ये ठेवा, म्हणजे विचारलं तर दाखवता येईल.

सिंगापूरमार्गे स्वस्त तिकीट मिळतंय. तिथला व्हिसा लागेल?

एकाच तिकिटावर, सामान थेट व्हिएतनामपर्यंत जाणार असेल आणि तुम्ही विमानतळाच्या आतच थांबणार असाल तर सहसा अडचण नाही. पण दोन वेगळी तिकिटं काढलीत आणि सामान बाहेर जाऊन घ्यावं लागलं, तर तो सिंगापूरमध्ये प्रवेश झाला आणि भारतीयांना त्यासाठी व्हिसा लागतो. स्वस्त तिकिटात हा खर्च धरून मग तुलना करा.

एजंटकडून करून घेतलं तर काय बिघडतं?

काहीच नाही, माणूस विश्वासाचा असेल तर. फक्त अर्जात ईमेल तुमचा असू द्या, नोंदणी क्रमांक मागून घ्या आणि पाठवण्याआधी भरलेला अर्ज स्वतः वाचा. ‘आम्ही बघतो सगळं’ म्हणणाऱ्यालाही तुमच्या नावाचं स्पेलिंग तुमच्याइतकं ठाऊक नसतं. सरकारी शुल्क किती आणि त्याची मजुरी किती, हे वेगवेगळं विचारा.

छापील प्रत हवीच का? मोबाइलमध्ये आहे ना.

हवीच. प्रत्येकी दोन प्रती काढा, एक हातातल्या बॅगेत, एक सामानात. मुंबईत चेक-इनला मागतात, तिकडे इमिग्रेशनच्या खिडकीवर मागतात, आणि लांबच्या प्रवासानंतर फोनची बॅटरी तेव्हाच संपलेली असते. शिक्का बसला की खिडकीवरून हलण्याआधी त्यावरची शेवटची तारीख वाचा.

हॉटेलवाले पासपोर्ट मागून ठेवून घेतात. द्यावा का?

परदेशी पाहुण्यांची नोंद पोलिसांकडे करणं तिथल्या हॉटेलांना बंधनकारक आहे, म्हणून मागतात. द्या, पण नोंद झाली की त्याच संध्याकाळी परत घ्या. पासपोर्टची आणि व्हिसाची झेरॉक्स बरोबर ठेवलीत तर बहुतेक ठिकाणी तीही चालते.